रॅमला किंमत नसते, भाव असतो

मंडळी, या शनिवारचा विषय जरा भंगाराच्या वाटेवरचा आहे. जुनी रॅम! म्हणजे कुणाच्या तरी कॉम्प्युटरमधून काढलेली, दुकानदाराच्या ड्रॉवरमध्ये रबर बँड लावून ठेवलेली ती हिरवी पट्टी. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी ती घेतलेली असते. कॉलेजात असताना स्वतःसाठी, नोकरी लागल्यावर गावाकडच्या भावंडांसाठी. 'पीसी फार स्लो झालाय रे' असा फोन आला की आपलं ठरलेलं उत्तर असतं, 'रॅम टाक.'

पण एक गंमत कधी लक्षात आलीये का? कॉम्प्युटरचा प्रत्येक भाग जुना झाला की स्वस्त होतो. मॉनिटर, कीबोर्ड, मदरबोर्ड, प्रोसेसर, सगळ्यांची हीच गत. रॅम मात्र अधूनमधून उलटी चालते. गेल्या वर्षी घेतलेली पट्टी या वर्षी वापरून जास्त पैशाला विकली जाते, असं घडलेलं आहे, आणि एकदा नाही, अनेकदा घडलेलं आहे.

याचं कारण माझ्या मते मराठीत फार छान सांगता येतं. आपण टीव्हीची 'किंमत' विचारतो, पण तुरीचा 'भाव' विचारतो. किंमत कंपनी ठरवते, भाव बाजार ठरवतो. रॅम दिसते इलेक्ट्रॉनिक वस्तू, पण वागते तूर, सोयाबीन आणि कापसासारखी. तिला किंमत नसते, भाव असतो. आणि भाव म्हणजे काय हे बुलढाणा जिल्ह्याला शिकवायची गरज नाही. म्हणून आजची गोष्ट तिथूनच सुरू करू.

खामगाव, १८७०

खामगावात १८२०च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी दुकानं थाटली. तूप, सूत आणि थोडाफार कापूस एवढाच धंदा. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १८६१ साली तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतली बंदरं बंद, त्यामुळे इंग्लंडमधल्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना. झालं! हिंदुस्थानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत तर लोक शेअर्सच्या मागे वेडे झाले. १८६५ साली युद्ध संपलं आणि भाव धाडकन खाली आले. मुंबईत भलेभले बुडाले, आणि ज्यांनी त्या भावाच्या भरवशावर पेरणी केली होती त्यांचं काय झालं असेल याची कल्पना करा.

तोपर्यंत रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव करत पुढे गेली होती आणि १८६७ साली नागपूरला पोचली. खामगाव मात्र मुख्य मार्गापासून थोडं बाजूला राहिलं. म्हणून जलंब ते खामगाव असा जेमतेम १३ किलोमीटरचा फाटा खास कापसासाठी टाकला, आणि १८७० साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. १३ किलोमीटरच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय! त्याच वर्षी सुएझहून एडनमार्गे मुंबईपर्यंत समुद्राखालची तारेची केबल सुरू झाली. म्हणजे एकाच वर्षात खामगावचा माल रेल्वेने बंदराला जोडला गेला आणि मुंबईचा बाजार समुद्राखालच्या तारेने इंग्लंडला. लिव्हरपूलमधल्या भावाची बातमी पूर्वी बोटीने यायला आठवडे लागत, ती आता तारेने येऊ लागली.

खामगावच्या शेतकऱ्याच्या पिकात काही बदल झाला नव्हता. तीच काळी माती, तोच कापूस. पण त्याच्या गाडीवरच्या मालाचं मोल आता त्याने कधी न पाहिलेल्या गावात ठरत होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विजेचा कापूस

आता शंभर वर्षं पुढे या. १९६८ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना एका पेटंटवर हक्क मिळाला. एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर, यांच्यात एक बिट साठवायचा. कपॅसिटरमध्ये चार्ज असेल तर १, नसेल तर ०. हा कपॅसिटर गळक्या माठासारखा असतो. त्यामुळे त्यातलं पाणी, म्हणजे चार्ज, सतत पुन्हा भरावा लागतो. आजच्या रॅममध्येही साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ एकदा ताजी करावी लागते. म्हणून तिचं नाव डायनॅमिक रॅम, डीरॅम. १९७० साली, म्हणजे खामगावच्या फाट्याला बरोबर शंभर वर्षं झाली त्या वर्षी, इंटेलने ११०३ नावाची चिप बाजारात आणली. क्षमता १०२४ बिट, म्हणजे १२८ अक्षरं. आपला एक जुना एसएमएससुद्धा त्यात मावायचा नाही :)

आज आपण इंटेल म्हणजे प्रोसेसर समजतो, पण १९६८ साली ती कंपनी निघाली ती मेमरी विकायला. मग ती मेमरीतून बाहेर का पडली? कारण जपानी कंपन्यांनी तीच चिप अधिक चांगली आणि स्वस्त बनवायला सुरुवात केली. डीरॅमचं असंच आहे. एकाची चिप दुसऱ्याच्या चिपच्या जागी चालते. तिथे ब्रँडला फारसा अर्थ उरत नाही, उरतो तो भाव. १९८५ साली भाव इतके कोसळले की इंटेलने डीरॅमचा धंदाच बंद केला. १९८६ साली अमेरिका आणि जपान यांच्यात सेमीकंडक्टर करार झाला, आणि १९८८ पर्यंत उलट टंचाई! मंदी, मग टंचाई, मग पुन्हा मंदी. कापसाच्या तेजीमंदीचा आलेख आणि हा आलेख शेजारी ठेवले तर कोणता कशाचा हे सांगणं अवघड जाईल.

जुन्या रॅमचा बाजार शक्य झाला तो मात्र आणखी एका शोधामुळे. सुरुवातीला मेमरी वाढवायची म्हणजे सुट्या चिप एकेक करून सॉकेटमध्ये दाबून बसवायच्या. पाय वाकला की चिप गेली. १९८३ साली अमेरिकेतल्या वँग लॅबोरेटरीजमध्ये या चिप एका पट्टीवर बसवायची कल्पना निघाली, ती सिम. (योगायोग बघा, शेगावचं गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं तेही १९८३ सालीच.) पट्टी आली आणि रॅम काढणं, घालणं, विकणं हे कुणालाही जमण्यासारखं झालं. पुढे जेडेक या संस्थेने मापं ठरवून दिली. एसडीरॅमच्या पट्टीला १६८ पिना, डीडीआरला १८४, डीडीआर-२ आणि डीडीआर-३ला २४०, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ला २८८. प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी, म्हणजे चुकीची पट्टी बसूच नये. कापसाची जशी धाग्याच्या लांबीवरून प्रत ठरते, तशी ही रॅमची प्रत. प्रत ठरली की अनोळखी माणसाकडूनही माल घेता येतो.

दूर कुठेतरी आग लागते...

४ जुलै १९९३. जपानमधल्या निइहामा गावात सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. तिथे चिप बनत नव्हत्या. तिथे बनत होता चिपवरच्या काळ्या आवरणाला लागणारा एक खास राळेसारखा पदार्थ, आणि जगाचा निम्म्याहून जास्त पुरवठा या एका कारखान्यातून होता. प्रत्यक्ष टंचाई यायच्या आधीच नुसत्या भीतीने रॅमचे भाव भडकले. १९९५ साली विंडोज ९५ आलं, सगळ्या जगाला जास्त रॅम हवी झाली. कंपन्यांनी धडाधड कारखाने काढले, आणि १९९६ साली भाव आपटले. २१ सप्टेंबर १९९९ला तैवानमध्ये मोठा भूकंप झाला, चिप कारखान्यांची वीज गेली, भाव वर. २००१च्या मंदीत तीच रॅम पुन्हा मातीमोल.

नेमका हाच काळ आपल्याकडे कॉम्प्युटर तालुक्याच्या गावी पोचण्याचा. २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं, त्यापाठोपाठ एमएस-सीआयटी आलं, आणि सरकारी नोकरीसाठी ते सर्टिफिकेट लागतं म्हटल्यावर चिखली, मेहकर, मलकापूर, देऊळगाव राजा, जिथे बघाल तिथे क्लासेसच्या पाट्या लागल्या. एका खोलीत आठ-दहा असेंबल्ड पीसी. विंडोज एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम लागायची आणि १२८ असली तर बरं, असं मायक्रोसॉफ्ट म्हणायची. पुढे २००७ साली व्हिस्टा आलं, त्याला थेट ५१२ एमबी किमान. दर वेळी नवीन मशीन घेणं छोट्या क्लासवाल्याला परवडणारं नव्हतं. मग दोन मशीनची रॅम एकात घाल, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुणाकडून तरी जुन्या पट्ट्या मागव, असं करत गाडी चालायची. त्या खोल्यांमधून पहिल्यांदा माउस हातात धरलेली कितीतरी पोरं आज पुण्या-बंगळुरात आपल्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसलेली आहेत. त्यांच्या शिक्षणात जुन्या रॅमचा वाटा आहे, हे कुठल्या इतिहासात लिहिलं जाणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आणि गंमत म्हणजे (गंमत कसली, चीडच येते) त्या काळातला सगळाच भाव बाजाराने ठरवलेला नव्हता. १९९९ ते २००२ या काळात मोठ्या रॅम कंपन्यांनी संगनमत करून भाव ठरवले, हे अमेरिकेच्या न्याय खात्याने उघडकीला आणलं. २००४ साली इन्फिनियनला १६ कोटी डॉलर दंड झाला, २००५ साली हायनिक्सला साडेअठरा कोटी आणि सॅमसंगला ३० कोटी. कापसाच्या बाजारात चार अडते मिळून भाव पाडतात अशी तक्रार आपण आजोबांच्या तोंडून ऐकलेली असते. इथे अडते सूटबूटवाले होते, आणि भाव पाडत नव्हते, चढवत होते, एवढाच फरक!

गाठीतले दगड

जिथे भाव असतो तिथे भेसळ येतेच. १८६०च्या दशकात कापसाच्या गाठीत सरकी, माती, ओला कापूस, हलका कापूस काय काय निघायचं. शेवटी मुंबई सरकारला १८६३ साली कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. तपासनीस नेमले, गाठी तपासायला लावल्या.

रॅममधली भेसळ जरा सुशिक्षित असते. चिपवरचं मूळ नाव घासून त्यावर जास्त वेगाचं नाव छापायचं. पट्टीवर एक छोटी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. 'मी इतक्या जीबीची, इतक्या वेगाची' ही माहिती पट्टी या चिपमधून मदरबोर्डला सांगते. ही माहिती पुन्हा लिहिता येते, म्हणजे पट्टी खोटं बोलू शकते. डीडीआर-२ आणि डीडीआर-३च्या काळात तर काही स्वस्त पट्ट्या फक्त एएमडीच्या मदरबोर्डवर चालत, इंटेलच्या बोर्डवर कॉम्प्युटर सुरूच होत नसे. त्या खोट्या नव्हत्या, पण घेणाऱ्याला कुणी सांगितलं नाही तर त्याच्यासाठी खोट्याच.

खामगावला लोक रजतनगरी म्हणतात. लांबून लांबून माणसं तिथे चांदी घ्यायला येतात, ती भाव कमी असतो म्हणून नव्हे. चांदीचा भाव खामगाव ठरवत नाहीच. लोक येतात ते शुद्धतेच्या नावासाठी. भाव बाहेरचा, विश्वास गावचा! जुन्या रॅमच्या धंद्यातही अगदी हेच आहे. तालुक्यातला दुकानदार भाव ठरवू शकत नाही. तो एकच गोष्ट विकू शकतो, 'भाऊ, आठ दिवस वापरून पाय, नाही चालली तं घेऊन ये.' या एका वाक्यासाठी शंभर-दोनशे रुपये जास्त द्यायला माझी काही हरकत नसते.

तीन वर्षांचं आयुष्य

हा जुना माल येतो कुठून? २०१३च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात डेस्कटॉप आणि लॅपटॉपचं आयुष्य ३ वर्षं धरलेलं आहे, सर्व्हरचं ६ वर्षं. म्हणजे हिशेबाच्या वहीत आपल्या ऑफिसचा लॅपटॉप चौथ्या वर्षी गतप्राण असतो. मग असे शेकडो लॅपटॉप एकगठ्ठा विकले जातात आणि सुट्या भागांसकट लहान गावांपर्यंत झिरपतात. वहीतलं मरण रॅमला ठाऊक नसतं. तिच्यात फिरणारं काही नाही, घासणारं काही नाही. फॅन आणि हार्ड डिस्क जशी झिजते तशी ती झिजत नाही.

पण 'जुनी रॅम म्हणजे नवीच' असंही कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. २००९ साली गूगलच्या सर्व्हरमधल्या रॅमचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये दुरुस्त करता येण्याजोग्या चुका आढळल्या, आणि १० ते १८ महिन्यांच्या वापरानंतर चुकांचं प्रमाण वाढताना दिसलं. सर्व्हरच्या रॅममध्ये चूक दुरुस्त करायची सोय असते. आपल्या घरच्या पट्टीत सहसा ती नसते. तिथे चूक झाली की फाइल खराब, किंवा निळा पडदा.

म्हणून परख महत्त्वाची. चांदीला कसोटीचा दगड, तसा रॅमला मेमटेस्ट. हा फुकट प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकायचा, कॉम्प्युटर त्यावरून सुरू करायचा आणि रात्रभर चालू ठेवायचा. सकाळी लाल रंगात एक जरी चूक दिसली तरी पट्टी परत. त्याआधी तीन गोष्टी बघायच्या. पिढी कोणती (डीडीआर-३ की ४), व्होल्टेज किती (डीडीआर-३ला १.५, तिच्या एल प्रकाराला १.३५), आणि आपला बोर्ड जास्तीत जास्त किती जीबी घेतो. सोनेरी पिना काळवंडलेल्या असतील तर पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच पुसायच्या, हा आपल्याकडचा पिढीजात उपाय. करा, पण जपून, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो.

आणि आता

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ला किमान ४ जीबी रॅम तर हवीच, शिवाय तुलनेने नवा प्रोसेसर हवा. म्हणजे घरोघरचे जुने कॉम्प्युटर एका रात्रीत म्हातारे ठरले. त्यांना वाचवायचा सरळ मार्ग म्हणजे थोडी रॅम वाढवायची आणि लिनक्स घालायचं.

आणि नेमक्या याच वर्षी रॅम महागली! मोठ्या कंपन्यांनी डीडीआर-४चं उत्पादन आवरतं घ्यायला सुरुवात केली, आणि २०२५च्या मध्यावर घाऊक बाजारात जुनी डीडीआर-४ नव्या डीडीआर-५पेक्षा महाग झाल्याचं दिसलं. वर्षाच्या शेवटी तर एआयसाठी लागणाऱ्या डेटा सेंटर्सनी बाजारातला माल असा उचलला की साध्या रॅमचे भाव काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट झाले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने आपल्यासारख्या गिऱ्हाइकांना रॅम विकणारा क्रुशिअल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. जगातली जवळजवळ सगळी डीरॅम आज सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडे आहे. त्यातल्या एकाने सुट्या गिऱ्हाइकाकडे सरळ पाठ फिरवली.

याचा अर्थ काय? कॅलिफोर्नियात कुणीतरी अवाढव्य डेटा सेंटर बांधायचं ठरवतं, आणि मेहकरमधल्या बीएस्सीच्या पोरीच्या लॅपटॉपमध्ये घालायची ८ जीबीची जुनी पट्टी तिच्या आवाक्याबाहेर जाते. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य आठवलं? तिच्या लॅपटॉपमध्ये काही बदल झालेला नाही. पण त्याचं मोल तिने कधी न पाहिलेल्या गावात ठरतंय.

१८६५चा आणि २००१चा इतिहास सांगतो की तेजी कायम राहत नाही. कधी उतरेल ते सांगणारा ज्योतिषी मी नाही. पण भाव आपल्या हातात नसला तरी माल आपल्या हातात आहे. आपल्यापैकी किती जणांच्या कपाटात जुन्या लॅपटॉपमधून काढलेली ४ जीबीची पट्टी पडून आहे? आपण ती काढतो, 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवतो, आणि दिवाळीच्या साफसफाईत ई-कचऱ्यात टाकतो. या दिवाळीत टाकू नका. एक रात्र मेमटेस्ट लावा, पिढी आणि जीबी एका चिठ्ठीवर लिहा, पट्टी कागदात गुंडाळा आणि गावी जाताना बॅगेत टाका. तिथल्या कुणाला तरी ती आज नक्की लागणार आहे.